देवळालीचा सार्जंट मेजर देवळालीत कधीच नव्हता

नाशिक-देवळालीच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. मला तो आतापर्यंत चार जणांकडून आला आहे. देवळालीच्या छावणीतल्या सैनिकांच्या नाटक-गाण्याच्या पथकावरची बीबीसीची एक जुनी विनोदी मालिका आहे, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. तिच्यातल्या मिशाळ सार्जंट मेजरचा फोटो, आणि खाली साधारण असं: 'हे विंडसर डेव्हिस. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देवळाली कॅम्पात खरेखुरे सार्जंट मेजर होते, म्हणून त्यांना अभिनय करावाच लागला नाही. मालिकेचं शूटिंगही देवळालीतच झालं. स्वतःला वेल्श म्हणवायचे, पण होते लंडनचे. या एका भूमिकेनंतर त्यांना काही मिळालं नाही. पुढे मालिकेवर बंदी आली आणि ते विस्मृतीत गेले.'

आपल्या गावाचं नाव जगाच्या पडद्यावर आलं याचा आनंद मलाही आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. पहिलं तर एका मेहनती नटाचं आयुष्यभराचं काम पुसून टाकणारं आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

विंडसर डेव्हिस यांचा जन्म २८ ऑगस्ट १९३० चा. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली, तेव्हा त्यांना पंधरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. दोन वर्षांनी भारत स्वतंत्र झाला, तेव्हा सतरावं पूर्ण व्हायचं होतं. मग देवळालीच्या तोफखान्यात सार्जंट मेजर कधी होणार? लष्करात ते होते, पण १९५० ते १९५२ या काळात, ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये, सक्तीची सेवा म्हणून, आणि तीही लिबिया आणि इजिप्तमध्ये. दोन वर्षांच्या सक्तीच्या सेवेत कुणी सार्जंट मेजर होत नाही, त्या हुद्द्यावर पोचायला वर्षं घालवावी लागतात.

देवळालीत खरोखर होते ते जिमी पेरी, या मालिकेच्या दोन लेखकांपैकी एक. रॉयल आर्टिलरीच्या देवळालीतल्या डेपोत सैनिकांची करमणूक करणाऱ्या नाटक-गाण्याच्या पथकात ते होते, आणि मालिकेची मूळ कल्पना तिथलीच. दुसरे लेखक डेव्हिड क्रॉफ्टही लष्करात होते आणि हिंदुस्थानात राहून गेले होते. देवळालीला अभिमान बाळगायचाच असेल तर पेरींचा फोटो लावा. फॉरवर्डमध्ये त्यांचं नाव एकदाही येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'अभिनय करावाच लागला नाही' हे तर मला सर्वात जास्त टोचतं. डेव्हिस यांनी रंगवलेल्या सार्जंट मेजर विल्यम्सची अशी समजूत झालेली असते की पथकातला पार्किन हा आपलाच मुलगा आहे. इतरांवर तो छप्पर उडेल असा ओरडतो. 'शट अप' मधला पहिला शब्द लांबवत नेतो आणि दुसरा काठीसारखा आपटतो. पुढच्याच क्षणी पार्किनसमोर येतो. आवाज खाली उतरतो, डोळे ओलसर होतात, आणि तो त्या बावळट पोराच्या खांद्यांचं कौतुक करू लागतो, जणू बाजारात बैलजोडी जिंकून आणली आहे. मिशीसुद्धा मऊ पडल्यासारखी वाटते. एका श्वासात इतकं वळण घ्यायचं ही कवायतीच्या मैदानात शिकायची गोष्ट नव्हे.

ती ते कुठे शिकले? डेव्हिस आधी कोळशाच्या खाणीत होते, कारखान्यात होते, मग वेल्समधल्या बँगोरला शिक्षक-प्रशिक्षण घेऊन शाळेत शिकवत होते. नाट्यशिक्षण घेऊन १९६१ मध्ये चेल्टनहॅमच्या रेपर्टरी नाटक मंडळीत ते दाखल झाले, तेव्हा वयाची तिशी आलेली, लग्नाला चार वर्षं झालेली. रेपर्टरी म्हणजे संध्याकाळी एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. मालिका सुरू झाली १९७४ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी टीव्हीवर आणि सिनेमात लहान लहान कामं केली. 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेत १९६७ साली, भयपट काढणाऱ्या हॅमर कंपनीच्या फ्रँकेन्स्टाइन चित्रपटात १९६९ साली पोलीस म्हणून. माझं मत विचाराल तर तो दणदणीत आवाज छावणीपेक्षा वर्गाच्या आणि नाटकाच्या तालमीचा जास्त आहे. मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

शूटिंगचा मुद्दा लवकर संपवतो. मालिका बीबीसीच्या स्टुडिओत झाली आणि बाहेरची दृश्यं इंग्लंडमध्येच घेतली. पडद्यावर दिसणारं जंगल हॅम्पशायरमधल्या फार्नबरोजवळचं आहे. देवळालीच्या लॅम रोडवर राहणाऱ्यांनी त्यात आपली झाडं शोधू नयेत.

याच फॉरवर्डला कुणीतरी शेपूट जोडलं आहे की इंग्रजीतला 'डूलॅली' (म्हणजे डोकं फिरलेला) हा शब्द देवळालीच्या वेड्यांच्या इस्पितळावरून आला. शब्द देवळालीचाच, हे खरं. पण त्याच्या मुळाशी आहे वाट पाहणं. सेवेची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाण्यासाठी इथल्या तळावर येऊन थांबत. सैन्याची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. हंगाम चुकला की महिनोन् महिने काम नाही, उन्हाळा आहे आणि घरची ओढ आहे. त्यात डोकं फिरे. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, आणि तो 'टॅप' म्हणजे आपला ताप.

आता वेल्श असण्याबद्दल. जन्म लंडनच्या पूर्वेकडच्या कॅनिंग टाउनचा, हे बरोबर. पण आईवडील वेल्श, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर हे कुटुंब वेल्समध्ये परतलं, ऑगमोर खोऱ्यातल्या नान्ट-अ-मोएल या खाणकामगारांच्या गावी. मुलगा तिथे वाढला, तिथल्या भागात शाळेत गेला. परळच्या चाळीत जन्मलेल्या आणि देवगडला वाढलेल्या पोराला तू कोकणी नाहीस असं आपण म्हणू का? तो उच्चार त्यांनी भूमिकेसाठी चढवलेला नव्हता.

'एका भूमिकेनंतर काही मिळालं नाही' हे तर कुठून आलं कळत नाही. मालिका चालू असतानाच, १९७५ च्या जूनमध्ये, डॉन एस्टेल या सहकलाकारासोबतचं त्यांचं 'व्हिस्परिंग ग्रास' हे गाणं ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. बुटक्या एस्टेलचा गोड आवाज गातो आणि डेव्हिस सार्जंट मेजरच्या आवाजात बोलतात. १९७८ मध्ये जॉन हेफिन यांनी बीबीसी वेल्ससाठी केलेला 'ग्रँड स्लॅम' हा चित्रपट आला. रग्बीचा सामना बघायला पॅरिसला निघालेल्या वेल्श मंडळींची ही गोष्ट. त्यातला त्यांचा मॉग जोन्स मला सार्जंट मेजरपेक्षाही आवडतो, कारण तिथे गणवेश नाही, हुकूम नाही, नुसता उत्साहाने फुललेला खोऱ्यातला माणूस आहे. वेल्समध्ये हा चित्रपट आजही लोक जिवाभावाने आठवतात. पुढे १९८१ ते १९९१ अशी दहा वर्षं डोनाल्ड सिंडन यांच्याबरोबर 'नेव्हर द ट्वेन', म्हणजे पुराणवस्तूंच्या दोन भांडखोर व्यापाऱ्यांची मालिका. मुलांच्या 'टेराहॉक्स' या मालिकेत सार्जंट मेजर झिरो या गोल यंत्रमानवाला आवाज दिला. २००० मध्ये 'गॉर्मेनगास्ट' या मालिकेतही ते दिसले.

बंदीचं काय? कायद्याने कुणी बंदी घातलेली नाही, डीव्हीडी विकल्या गेल्या आहेत. बीबीसी ती पुन्हा दाखवत नाही, एवढंच. त्याचं कारणही लपवायला नको. रंगी राम या भारतीय नोकराची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा काळवंडून केली होती. बेट्स झाशीत जन्मले होते, तरी ते बघताना मला अवघडायला होतं. सार्जंट मेजरच्या तोंडी पथकातल्या पोरांच्या 'बायकीपणा'वरून ज्या शिव्या आहेत, त्याही आज ऐकवत नाहीत. नटाच्या कामाचं कौतुक करताना हे मान्य करणं मला जड जात नाही.

आणि विस्मृतीत एकाकी वगैरे काही नाही. लिन यांच्याशी १९५७ मध्ये झालेलं लग्न एकसष्ट वर्षं टिकलं, पाच मुलं झाली. उतारवयात ते फ्रान्समध्ये राहिले. लिन सप्टेंबर २०१८ मध्ये गेल्या. चार महिन्यांनी, १७ जानेवारी २०१९ ला, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी डेव्हिस गेले, आणि ब्रिटनच्या बातम्यांमध्ये त्या दिवशी त्यांचा तो 'शट अप' पुन्हा ऐकू आला.