‘आजाराचं निमित्त’ म्हणणाऱ्या भाईंस

चतुर्थीच्या आरत्यांच्या वेळा कळवायला काढलेल्या गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या ग्रुपवर परवा एक संदेश फिरत आला. तुरुंगातल्या आजारी प्राध्यापकांची सुटका मागणारे एक तर भोळे किंवा लबाड, असा सूर. तुरुंगात डॉक्टर असतात, सोडलं की ही मंडळी पळतात, माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून तुरुंगात गेलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा तांत्रिक मुद्द्यावर सुटले, गरीब कैद्यासाठी कुणी सही करत नाही, आणि असल्या सह्या म्हणजे देशद्रोह. सोबत साईबाबांचा व्हीलचेअरवरचा फोटो. चौघांनी खाली हात जोडले. मी गप्प बसणार होतो, पण त्या फोटोने बसू दिलं नाही.

तुरुंगात डॉक्टर असतात, मान्य. पण अंथरुणाला खिळलेल्याला डॉक्टर पाच मिनिटं लागतो, उरलेला दिवस माणूस लागतो. माझ्या काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा खाटेपासून संडासापर्यंतच्या बारा पावलांना दोघे लागायचे; एकाने काखेत हात घालायचा, दुसऱ्याने पाय उचलायचे. व्हीलचेअर उंबऱ्याशीच अडायची. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवायला न्यायचं असलं की ते आदल्या रात्रीपासून पाणी प्यायचे नाहीत, वाटेत कुणाला त्रास नको म्हणून. हे घरात, पोटच्या पोरांत. साईबाबा लहानपणीच्या पोलिओने पायांनी अधू, 90 टक्के अपंगत्व. दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाला नागपूरच्या कारागृहात अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या एकांत कोठडीत, ठेवलं होतं. तिथे त्यांनी किती वेळा तहान मारली असेल, याचा हिशेब कुठल्या जेल डॉक्टरच्या वहीत असणार? 2020 मध्ये त्यांची आई वारली. अंत्यविधीलाही जाता आलं नाही.

पळतात म्हणे. 2015 मध्ये साईबाबांना उपचारांसाठी जामीन मिळाला. उच्च न्यायालयाने परत हजर व्हा म्हटल्यावर डिसेंबरात हा माणूस व्हीलचेअरवर तुरुंगाच्या दारात हजर. आणि आपल्या साखळीजवळच्या व्यवस्थापन संस्थेत शिकवणारे आनंद तेलतुंबडे, एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी? दम्याचा आजार, वय सत्तरीच्या घरात, तरी 14 एप्रिल 2020 रोजी, ऐन कोविडात, न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे स्वतः जाऊन शरण गेले. जामिनाला 31 महिने लागले. त्यांचा खटला अजून संपलेला नाही, म्हणून निर्दोष वगैरे शब्द मी वापरत नाही. पण पळाले कुठे?

तांत्रिक मुद्द्याची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि अर्ध्यावरच संदेश थांबतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली ऑक्टोबर 2022 ची सुटका, खटला चालवायला सरकारची जी मंजुरी लागते तिच्यातल्या त्रुटीवर झाली होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, खास बसून सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली, आणि 2023 मध्ये प्रकरण पुन्हा नागपूरला धाडलं. नव्या खंडपीठाने, त्यात न्या. वाल्मिकी मेनेझिस हे आपले गोंयकार, 5 मार्च 2024 रोजी पुरावेही तपासले आणि आरोप सिद्ध झाले नाहीत म्हणून सोडलं. नक्षली साहित्य इंटरनेटवरून उतरवून घेणं हा आपोआप गुन्हा होत नाही, हेही त्याच निकालात आहे. 7 मार्चला ते बाहेर आले. 12 ऑक्टोबरला हैदराबादेत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेले, वय 57. निर्दोष सुटल्यावर हातात आले सात महिने.

गरिबासाठी कुणी सही करत नाही, हा टोला मात्र मी मुकाट्याने घेतो. याच खटल्यातला पांडू नरोटे, गडचिरोलीचा आदिवासी, ऑगस्ट 2022 मध्ये कैदेतच तापाने मेला. नंतर तोही निर्दोष ठरला. त्याच्यासाठी मीही सही केली नव्हती. पण यावरचा उपाय दोन सह्या करणं की एकही न करणं?

राहिला देशद्रोह. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे मराठी मास्तर म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आले आणि 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा 26 वर्षांची. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच. त्यांच्यासाठी समिती निघाली, तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर थेट पोपकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे जानेवारी 1969 मध्ये सुटका झाली. रानडे आणि साईबाबा एकाच मापाचे, असं मी म्हणत नाही. रानड्यांनी हाती शस्त्र घेतलं होतं. सुटकेसाठी शब्द टाकण्यात लाज वाटावी असं काही असतं का, एवढंच विचारतोय.

संदेश टाकणाऱ्या भाईंना हे समजावायला नको. त्यांच्या ओसरीवर जुना सत्काराचा फोटो आहे. रानड्यांना हार घालणारा हाफ पँटीतला पोरगा म्हणजे खुद्द भाई.