काडतूस दातानं तोडतोय आणि बोल्टपण ओढतोय!

अरे बाबांनो, एक काय ते ठरवा. काडतूस दातानं तोडायचंय, का बोल्ट ओढायचाय? एकाच बंदुकीत दोन्ही कसं बसवता?

परवा १८५७ वरचा एक पिक्चर बघितला. नाव घेत नाही, उगाच फुकटची जाहिरात नको. मध्यंतरापर्यंत सगळा राडा कशावरून, तर चरबी लावलेलं काडतूस दातानं तोडायला लावतात म्हणून. हिरोनं त्यावर दणकून भाषण ठोकलं, पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. आणि मध्यंतरानंतर हाच गडी खांद्याला काय लावतो? थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल! खटॅक, खटॅक, बोल्ट मागं-पुढं. लेका, त्यात पितळी काडतूस जातंय! ते तोडायला गेलास तर दात हातात येतील. म्हणजे ज्यावरून एवढं रान पेटलं, तो विषयच तुझ्या बंदुकीत शिल्लक नाही की.

ज्यानं एनसीसीत नळीत पुलथ्रूची, म्हणजे चिंधी बांधलेली दोरी ओढून ती रायफल साफ केलीय, त्याला ती अंधारातपण ओळखू येते. चापाच्या पुढं दहा गोळ्यांची पेटी, उजव्या हाताला बोल्टची मूठ, आणि नळीच्या तोंडापर्यंत आलेलं ते बसकं नाक. हे बसक्या नाकाचं मॉडेल १९०७ चं. पन्नास वर्षांचा फरक! आणि १८५७ ची खरी भांडणाची बंदूक कुठली? पॅटर्न १८५३ एनफिल्ड. तोंडातून ठासायची. कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी एकत्र. पुडी दातानं फाडा, दारू नळीत ओता, गोळी गजानं ठासा, निपलवर, म्हणजे घोड्याखालच्या बोंडावर, तांब्याची टोपी बसवा, मग घोडा ओढा. सरावलेला शिपाई झाला तरी मिनिटाला तीनेक बार. लांबलचक नळी, तिच्यावर तीन कड्या. एवढं सोपं आहे ओळखायला. त्यातही गंमत अशी, की बंडवाल्या बहुतेक पलटणींकडं ही बंदूक नव्हतीच. डमडम, अंबाला, सियालकोट इथं नुसतं तिचं शिक्षण चालू झालेलं. लढले ते जुन्या मस्केटी, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका घेऊन. ३१ जुलैला आपल्या कोल्हापुरात २७ वी पलटण उठली, तेव्हापण बोल्ट कुणी ओढला नाही.

हे मी थिएटरात हळू आवाजात बोललो तर शेजारून मेव्हणा म्हणतो, "दाजी, एनफिल्डच हाय न्हवं दोन्ही?" व्हय रं, तुझी बुलेटपण एनफिल्डच. तीच दे हिरोच्या खांद्यावर! वर म्हणतो, "तुम्ही पिक्चर बघाय आलाय का पंचनामा कराय?"

पंचनामाच करायची वेळ आणतात. घरी आल्यावर मोबाईलवर ट्रेलर थांबवून थांबवून बघायचं, तर बंदूक दिसते अर्धा सेकंद, त्यातपण कडेला, धूसर. कॅमेरा कायम हिरोच्या दाढीवर. घोडा कसला, कुंदा कसला, नळीला कड्या का तार, एवढं दिसलं तरी माझं भागतं. ते दिसू नये म्हणूनच बहुतेक एवढ्या झटपट कापाकापी करत असतील.

शिवकाळाचं तर बोलायलाच नको. मावळ्याच्या हातात टोपीची बंदूक! ती टोपी निघाली १८२० च्या आसपास. त्या काळी आपल्याकडं तोड्याची बंदूक. सरळसोट बारीक कुंदा, नळी त्याला तारेनं नाहीतर कातडी पट्टीनं बांधलेली, आणि पेटती जामगी धरायला चिमटा. जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी. चाप दाबला की तिचं जळतं टोक रंजकीवर, म्हणजे नळीच्या छिद्रापाशी ठेवलेल्या दारूवर टेकतं, आधी कानाशी फस्स, मग धडाम, आणि समोर पांढऱ्या धुराचा असा लोट की पुढचा माणूस दिसत नाही. पिक्चरात धूर नाही, जामगी नाही, ठासणं नाही. एक गडी उभ्या उभ्या सात-आठ बार काढतो, तेपण मुसळधार पावसात! १६६० चा जुलै, पन्हाळा ते विशाळगडाची वाट. जुलैत पन्हाळ्यावर जाऊन नुसती काडी पेटवून दाखवा, मग बोलू. त्या पावसात जामगी विझती, रंजक भिजती, म्हणून तर खिंडीत तलवारीचा आणि भाल्याचा एवढा कस लागला असणार. बाजीप्रभूंची ती झुंज ह्याच्यामुळंच अंगावर येते, आणि हेच तुम्ही स्लो मोशनच्या नादात घालवलं.

पानिपतात तर सगळ्यांना एकच बंदूक वाटून टाकतात. इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणाऱ्या बंदुका घेऊन उभी होती, म्हणून तिचा मारा वेगळा होता. हा फरक पडद्यावर दाखवला तर लढाई आपोआप कळेल. पण नाही. घाऊकात आणलेला एकच माल सगळ्यांच्या हातात.

आणि हे बघायचं कुणी? ज्या कोल्हापुरात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला, त्या गावच्या माणसानं! न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये बंदुका काचेमागं मांडून ठेवल्यात. शूटिंगसाठी पन्हाळ्यावर येता, तांबडा-पांढरा ओरपता, अंबाबाईचं दर्शन घेऊन सेल्फी टाकता, मग तिकडं अर्धा तास जायला काय धाड भरते? "बजेट नव्हतं" म्हणे. व्हीएफएक्सच्या हत्तींना बजेट आहे!

दोरीच पाहिजे ना? कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात वीतभर सुतळी मागा, दुकानदार पैसेपण घेणार नाही. सोऱ्यात भिजवायची कटकट नको असेल तर चिमट्यात अगरबत्ती खोचा. निदान टोकाला काहीतरी जळताना दिसू दे. अगरबत्तीचा पुडा मी देतो, मोगऱ्याचा पाहिजे का चंदनाचा तेवढं सांगा.