आत्मविश्वासाची साक्षांकित प्रत

लाजाळूच्या झाडाला बोट लावलं की ते मिटतं, हे येऊरच्या सहलीत आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रेमकादंबरीतल्या लाजाळू नायिकेचं उलटं. तिला हात लावला की ती उमलते, आणि तेही तीनेकशे पानांत, बढतीसकट. वनस्पतीशास्त्राला हे अजून उमगलेलं नाही, प्रकाशकांना फार पूर्वीच उमगलं.

तेव्हा तुम्ही लाजाळू असाल, ठाण्यात राहत असाल आणि प्रेमातूनच आत्मविश्वास मिळवायचा असं तुमचं ठरलं असेल, तर पुढचं नीट वाचा. या विषयात माझा अधिकार मोठा आहे. नौपाड्यातल्या एका खाजगी लायब्ररीत आठवीपासून बी.कॉम.पर्यंत मी प्रेमकादंबऱ्यांच्या एकाच कपाटापुढे उभी होते. लायब्ररीवाले काका त्या पुस्तकांना खाकी कव्हर घालून द्यायचे, त्यामुळे आईला वाटायचं मुलगी गाईड वाचतेय. मिल्स आणि बून या दोन गृहस्थांनी १९०८ साली लंडनमध्ये काढलेली ती प्रकाशनसंस्था भारतात रीतसर आली २००८ साली. तोवर कित्येक वर्षं ती पुस्तकं आमच्याकडे रद्दीतून, फुटपाथवरून आणि काकांच्या खाकी कव्हरांतून येतच होती. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्या बायका, आणि पाटीवर नाव दोन पुरुषांचं, हे मला तेव्हा दिसलं नाही. कव्हरखाली होतं ना ते.

हल्ली सगळं फोनवर असतं. कव्हर लागत नाही.

तर सुरुवातीला स्वतःचा लाजाळूपणा तपासून घ्या. तो कादंबरीत चालणारा हवा. नायिका लाजते म्हणजे काय करते? केस कानामागे सारते, ओठ चावते, पहिल्याच भेटीत नायकाच्या पांढऱ्या शर्टावर कॉफी सांडते. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्याच्यासमोर असं काही फटाफट बोलते की पट्टीच्या सूत्रसंचालकाने वहीत उतरवून घ्यावं. तिचं पुस्तकांचं नाहीतर केकचं छोटंसं दुकान असतं, दिवसाला गिऱ्हाइकं दोन, आणि भाडं मागायला कुणी येत नाही. (राम मारुती रोडवर असं दुकान टाकायचं असेल तर प्रेमात पडायच्या आधी एवढंच बघा, की माणूस जागेचा मालक आहे ना.)

माझा लाजाळूपणा या परीक्षेत नापास झाला. एफ.वाय.ला होते. शेअर रिक्षात मधल्या सीटवर बसले होते आणि नितीन कंपनीला उतरायचं होतं. ‘थांबवा’ हा शब्द तीन हात नाक्यापासून घशात तयार करून ठेवलेला. पण रिक्षावाला गाणं गुणगुणत होता. कडवं संपू दे म्हटलं. कडवं संपलं तेव्हा नितीन कंपनी मागे पडली होती. कॅडबरीला शेजारचे काका उतरले, तेव्हा ‘मलाही इथेच’ असं पुटपुटत मीही उतरले, वरचे पैसे दिले आणि मे महिन्याच्या उन्हात सगळं अंतर पायी मागे आले. असला लाजाळूपणा कादंबरीत घेत नाहीत. त्यात नायकाला काही कामच नाही.

स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९७० च्या दशकात लोकांना लाजाळूपणाबद्दल विचारलं, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू असल्याचं सांगून टाकलं. (लाजत लाजत सांगितलं असणार.) मग त्यांनी लाजाळूपणावर उपचाराचं केंद्रच काढलं. तिथे काय करायचे, तर बोलायचा सराव. आधी सोप्या ठिकाणी, मग अवघड ठिकाणी, पुन्हा पुन्हा. राखाडी डोळ्यांचा उंच माणूस लिहून दिल्याची नोंद नाही. या ४० टक्क्यांत पुरुषही धरलेले आहेत, हे कादंबरीकार विसरतात. तुम्ही विसरू नका. नाहीतर उपवनच्या काठावर दोघं लाजाळू शेजारी शेजारी बसाल, कणीस संपेल, अंधार पडेल, आणि दोघंही घरी जाऊन आपापल्या फोनवर पुढचं प्रकरण वाचाल.

नायक निवडताना तो जगावर खेकसणारा आणि फक्त तुमच्याशी मऊ असा बघावा. खेकसणारे आपल्याकडे मुबलक आहेत, कुठल्याही खिडकीवर मिळतात. मऊ होण्याची बाजू तेवढी तपासून घ्या. हल्लीच्या कादंबऱ्यांत एक प्रकरण ती सांगते, एक तो. तिच्या प्रकरणात ती म्हणते, मला कुणी बघतसुद्धा नाही. पान उलटलं की त्याच्या प्रकरणातून कळतं, हा पठ्ठ्या तीन वर्षं तिच्याकडेच बघतोय, तिची कॉफी, तिचा निळा स्कार्फ, ती कधी निघते, कुठून जाते, सगळं पाठ. आपण उशीला मिठी मारून म्हणतो, किती गोड! तीन वर्षं तुमच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ करणारा माणूस ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर भेटला तर त्याच्यासाठी रेल्वे हेल्पलाइनचा १३९ हा नंबर आहे. फरक फक्त त्याचं प्रकरण आपल्याला वाचायला मिळालंय की नाही एवढाच.

थट्टा सोडून एक कबूल करते. या पुस्तकांत बाई बोलायला लागली की समोरचा माणूस फोन खाली ठेवतो आणि तिचं वाक्य संपेपर्यंत ऐकतो. तेवढ्यासाठी मी अजूनही वाचते.

आता चष्मा. चष्मा काढल्याशिवाय आत्मविश्वास येत नाही, हा मूलभूत नियम आहे. नायिका चष्मा काढते, केस मोकळे सोडते, आणि त्याच ऑफिसात पाच वर्षं बसलेल्या माणसांना प्रथमच कळतं की ही सुंदर आहे. तुम्हीही काढा. मी काढला होता, वाशीला नोकरी होती तेव्हा. इंडिकेटरवर वाशी आहे की पनवेल हे वाचता आलं नाही, विचारायची लाज वाटली, आणि समोर उभी होती त्या गाडीत मोकळ्या केसांनी चढले. तुर्भ्यापर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच जातात, त्यामुळे तुर्भ्यापर्यंत मी फार सुंदर होते. मग सानपाड्याऐवजी जुईनगर आलं.

‘एकच पलंग’ हा प्रसंग आपल्याकडे बसवायला अवघड जातो. परदेशी कादंबरीत बर्फ पडतं, रस्ते बंद होतात, दोघं एका लाकडी घरात अडकतात आणि आत बघतात तर पलंग एकच! तिथे प्रकरण संपतं, म्हणजे वाचकाने रात्रभर जागावं. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत दोन खोल्यांत आठ माणसं आणि पलंग एकच होता. त्यावर आजोबा झोपायचे. बाकीच्यांच्या खाली पथाऱ्या. कुणाच्या मनात कुणाविषयी काही फुललं नाही. कुणाचे पाय कुणाच्या तोंडाशी यायचे यावर मात्र रोज रात्री चर्चा असायची. निसर्गाने अडकवून टाकण्याचं म्हणाल, तर तेही झालंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माझी लोकल रुळांवर उभी राहिली ती राहिलीच. अख्खी रात्र. डबा बायकांचा. एका गुजराती मावशींकडे खाकऱ्याचं पाकीट होतं, ते त्यांनी चाळीसजणींत पुरवलं. पहाटेपर्यंत मला सगळ्यांच्या सासवांची नावं पाठ झाली होती. हे कुठल्या प्रकारात बसवायचं, ते प्रकाशकांनी सांगावं.

पाऊण पुस्तक झालं की गैरसमज येतो. एका फोनने मिटेल इतपतच असावा, आणि तो फोन दोघांनीही करू नये. ठाण्यात हे पाळणं कठीण आहे, कारण तुमचं बिनसलंय हे सोसायटीच्या वॉचमनला तुमच्या आधी कळतं. तरी समजा साधलं, तर मग नायक धावत येतो. गाडी वाहतुकीत सोडून, कोट उडवत, धापा टाकत. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला कापूरबावडीपासून मेट्रोच्या खांबांखालून कुणी धावताना दिसला तर लगेच पाघळू नका. गाडी सोडून पळणं ही इथे वाहतुकीची सोय आहे. आणि चारचौघांत प्रेमाची कबुली द्यायला त्याने तलावपाळीची दिवाळी पहाट निवडली, तर तो ज्या वाक्यावर तुमचं आयुष्य बदलणार आहे ते वाक्य बोलेल, आणि स्पीकरच्या भिंतीपलीकडून तुम्ही म्हणाल, ‘काय?’

हे सगळं पार पडलं की मूळ विधी. तो तिला म्हणतो, तू कमाल आहेस. झालं. आत्मविश्वास आला. हेच तिला आईने सांगितलं होतं, मैत्रिणीने पहिल्या प्रकरणापासून बारा वेळा सांगितलं होतं, वार्षिक मूल्यमापनात साहेबांनी लेखी दिलं होतं. ते सगळं झेरॉक्स. मूळ प्रतीशी ताडून पाहिली, खरी प्रत, असा शिक्का आणि खाली सही असल्याशिवाय ग्राह्य नाही. आपल्याला आठवत असेल, पूर्वी मार्कशीटवर सही घ्यायला राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात तास तास उभं राहायला लागायचं. सरकारने शेवटी कंटाळून स्वसाक्षांकन मान्य केलं, तुमच्याच कागदावर तुमचीच सही चालते. कादंबरीने अजून मान्य केलेलं नाही. तिथे अधिकारी लागतोच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला.

याबाबतीत रमाबाई रानडे यांचं उदाहरण समोर ठेवू नका, दिशाभूल होईल. सुरुवात अगदी नियमाप्रमाणे आहे. १८७३ साली अकरा वर्षांची मुलगी सासरी येते, अक्षरओळख नाही, नवरा स्वतः शिकवायला बसतो, घरातल्या बायका टोमण्यांनी घायाळ करतात, ही मान खाली घालून ऐकते आणि शिकत राहते. लाजरी नायिका, खंबीर नायक, घरातल्या खलनायिका, सगळं जुळलेलं. पण १९०१ साली नवरा, म्हणजे न्यायमूर्ती रानडे, गेले. सही करणारा अधिकारीच गेला म्हटल्यावर आत्मविश्वासाची मुदतही संपायला हवी होती. या बाई १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं करतात आणि पुढे मरेपर्यंत काम करत राहतात. कादंबरीच्या व्याकरणात ही ढोबळ चूक आहे. कादंबरी लग्नापाशी थांबते ती काही उगाच नाही.

माझ्या भाचीचंही नुकतंच असंच बिघडलं. ती कासारवडवलीला राहते, वाशीला नोकरी करते, आणि इतकी लाजाळू की हॉटेलात पाणी हवं असलं तर मलाच मागायला सांगते. परवा सकाळच्या गाडीत ती दोन बायकांच्या मध्ये, खांद्यावर कुणाचा तरी डबा, अशी उभी होती. फोनवर कादंबरी ७८ टक्क्यांवर आलेली, म्हणजे गैरसमज नुकता झालेला. ऐरोली सुटली. मागून एक आजी भाजीची पिशवी पोटाशी धरून पुढे यायला बघत होत्या. ‘रबाळे, रबाळे’ एवढंच म्हणत होत्या, तेही स्वतःशीच म्हटल्यासारखं. दारात रोजचा ग्रुप. कोपरखैरण्याला उतरणारा, पण ऐरोलीपासूनच दारात उभा राहणारा. त्यांच्यात कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा मेन्यू ठरत होता. गाडी रबाळ्याला लागली, बाहेरच्या बायका आत घुसायला लागल्या, आजी तिथल्या तिथे गोल फिरल्या.

आणि डब्यात आवाज आला, ‘ओ ताई, दारातून सरका! आजींना उतरायचंय! बाहेरच्यांनी थांबा जरा, गाडी तुमच्या बापाची नाही!’

सगळा डबा गप्प. ग्रुप सरकला. आजी उतरल्या. हिनेच त्यांची पिशवी माणसांच्या डोक्यांवरून बाहेर पोचवली, तेव्हा आजींनी वर बघून फक्त म्हटलं, ‘मिरच्या वर आहेत, दाबू नकोस.’ गाडी सुटली. भाचीला वाटलं आता ग्रुप आपल्याला खाणार. त्यातली तिघींच्या बाकावर बसलेली एकजण खिडकीशी सरकली आणि म्हणाली, ‘ये, चौथी सीट घे.’ ज्यांना त्या गाडीतल्या चौथ्या सीटची किंमत माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

रात्री तिचा फोन आला. आवाज अजून थरथरत होता.

‘मावशी, मी ओरडले.’

‘कुणी ऐकलं?’

‘अख्ख्या डब्याने.’

‘त्यात पुरुष कुणी होता का? बाह्या दुमडलेला वगैरे?’

‘लेडीज डबा होता, मावशी.’

‘मग नाही धरता येणार.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘उद्या जनरलमध्ये चढून ओरडून बघू का?’

‘बघ,’ म्हटलं. ‘पण चष्मा काढून जा.’