बिअर गेम, पण सोड्याचा

नोटीस मी अगदी साधी लिहिली होती. बीकॉम भाग तीन, सप्लाय चेन, शनिवारी सकाळी साडेनऊला हॉल नंबर चारमध्ये बिअर गेम, सर्वांनी हजर राहावे. दहा वाजायच्या आत शिपाईमामा दारात, "मॅडम, मोठ्या सायबांनी बोलावलंय." तोवर नोटिशीचा फोटो व्हॉट्सअॅपवरनं पार कागल-गडहिंग्लजपर्यंत पोचलेला, आणि अॅडमिशन घेतल्यापासून जी पोरं कॉलेजात दिसली नव्हती ती पण गेटवर उभी राहून विचारायला लागली, "मॅडम, शनिवारी नक्की हाय न्हवं?"

प्राचार्यांना म्हटलं सर, हा एमआयटीचा गेम आहे. "पुण्यातली?" म्हणाले. नाही सर, अमेरिकेतली, 1960 च्या आसपास तिथं जे फॉरेस्टर नावाचे प्राध्यापक होते त्यांच्या गटानं काढलेला, जगभरच्या मॅनेजमेंट कॉलेजात खेळतात, यात प्यायचं काही नसतं, बिअर नुसती नावाला, दुकानापासून फॅक्टरीपर्यंत मालाच्या ऑर्डरीच्या चिठ्ठ्या फिरवायच्या असतात. ते म्हणाले, "चिठ्ठ्या असू देत हो, पण पालक चिठ्ठी वाचत नाहीत, नोटीस वाचतात."

मग माल बदलायचा ठरला. आधी दूध म्हटलं, तर पोरांनी उडवूनच लावलं, कारण या गेममध्ये ऑर्डर दिल्यावर माल यायला आठवडे लागतात आणि जिथं आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देतात त्या गावात पंधरा दिवसांनी पोचणारं दूध कोण पिणार. मग गूळ. त्यावर शेवटच्या बाकावरचा एक उठला, घरचं गुऱ्हाळ असलेला, "मॅडम, पावसाळ्यात गुऱ्हाळ कुठं चालू असतंय?" बरोबर होतं त्याचं. शेवटी सोडा-वॉटरचं क्रेट यावर एकमत झालं. नवी नोटीस बघून प्राचार्यांनी बराच वेळ विचार केला आणि एवढंच विचारलं, "सोड्याबरोबर आणखी काय नाही ना?"

आता हा उद्योग मी का अंगावर घेतला, तर त्याआधीच्या हेडसेटमुळं. वर्गात खेळ, सिम्युलेशन (म्हणजे खऱ्याची नक्कल करून बघायची), व्हीआर (डोळ्यावर यंत्र चढवलं की समोर खोटं जग) असं काहीतरी दिसलं पाहिजे, समिती येणार आहे, असं वरनं आलं आणि कॉलेजनं दोन व्हीआर हेडसेट घेतले. आले कुणाकडं? कॉमर्सकडं, कारण सायन्सच्या लॅबच्या कपाटाला कुलूप लागत नाही. डेमो द्यायला इन केलेला एक मुलगा आला, त्यानं सांगितलं यात माणसाच्या हृदयाच्या आत फिरता येतं. आमचा विषय कॉस्टिंग. तरी म्हटलं फिरा बाबांनो.

सत्तर पोरं, दोन हेडसेट, प्रत्येकी पाचच मिनिटं धरली तरी तीन तास होतात आणि बॅटरी दोन तासांत मान टाकते, हा हिशोब कॉमर्सच्या पोरांनी मी फळ्यावर मांडायच्या आधीच मांडला. उरलेल्या अडुसष्ट जणांनी करायचं काय, तर आपला मित्र तोंड उघडं टाकून हवेत हात हलवतोय ते बघायचं आणि व्हिडिओ काढायचा. प्रत्येकानंतर भिंगं पुसायची, कारण डोक्याला तेल, कपाळाला घाम, आणि पुसायला माझीच ओढणी. एकजण हृदयात जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, तांबड्या रश्श्याच्या पातेल्यात पडल्यागत वाटतंय." त्या दिवसातलं तेवढंच काय ते शिक्षण.

मग कुणीतरी त्यात रोलर कोस्टर शोधून काढलं. आमच्या वर्गात एक पैलवान आहे, तालमीत जाणारा, रोज सकाळी जोर-बैठका मारून मग लेक्चरला येतो आणि झोपतो. त्यानं हेडसेट घातला, पहिल्या उतारालाच खाली बसला तो उठेचना. त्याला काय बोलणार, डोळे सांगतात आपण सुसाट चाललोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण जागचे हललेलो नाही, या भांडणात पोट ढवळतं, तिथं दंडाची बेटकुळी काय कामाची. लिंबू-सरबत पाजून त्याला घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी घरून फोन, पोराला वर्गात काय घातलं डोक्यावर?

बरं, माझा या यंत्रांवर राग नाही. आयव्हन सदरलँड नावाच्या अमेरिकन संशोधकानं 1968 मध्ये डोक्याला लावायचा असला पडदा केला तेव्हा तो इतका जड होता की छतालाच टांगावा लागायचा (आमच्या हॉलच्या छताला पंखेच कसेबसे लटकलेत). त्याच्याही आधी 1929 मध्ये एडविन लिंकनं विमान शिकायचा खोटा डबा बनवला, वडिलांचा ऑर्गन-पियानोचा कारखाना होता, तिथलेच भाते वापरून, म्हणजे पेटीच्या भात्यावर विमान हललं म्हणा की. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतलं खेळणं म्हणूनच बघितलं, पण 1934 मध्ये अमेरिकन सैन्याचे वैमानिक टपाल न्यायच्या कामावर खराब हवेत एकामागून एक मेले तेव्हा सैन्यानं तेच डबे विकत घेतले. ते पटतं मला. खरी चूक महागात पडते तिथं खोटी चूक करायला जागा पाहिजेच. फिजिक्सवाल्यांचं पण बरंय, कार्ल वाइमन नावाच्या माणसाला 2001 ला नोबेल मिळालं आणि त्यानं 2002 मध्ये फेट नावाची सिम्युलेशन सुरू केली, फुकट, मोबाईलवर चालतात, मराठीतसुद्धा आहेत. पण कॉस्टिंगच्या पोरांना हृदयात पाठवून मी नेमकं कुठलं कॉस्ट काढणार होते?

तर शनिवार. हजेरी शंभर टक्के, शिवाय आर्ट्सची पोरं खिडकीत. गेम असा की एका रांगेत चार टीम, दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि फॅक्टरी. गिऱ्हाईक फक्त दुकानदाराला दिसतं. बाकीच्यांनी पुढून आलेली चिठ्ठी बघायची, जमेल तेवढा माल द्यायचा आणि मागे आपली चिठ्ठी सरकवायची. शिल्लक राहिलेल्या क्रेटला आठवड्याला पन्नास पैसे खर्च, देता न आलेल्या क्रेटला रुपया. आणि बोलायचं नाही.

बोलायचं नाही हा नियम ज्या माणसानं काढला त्यानं कोल्हापूर बघितलेलं नसणार. तोंड बंद, पण भुवया, खोकला, बाकावर टकटक, शिट्टी, सगळं सुरू. त्यात मी टीम पाडताना होलसेलर शिवाजी पेठेतला आणि फॅक्टरी मंगळवार पेठेतली असं होऊन बसलं, म्हणजे या दोन पेठांचं फुटबॉलच्या मॅचमधलं राहिलेलं सगळं भांडण इथं. क्रेट म्हणून चिंचोके वाटले होते. पहिले चार आठवडे गिऱ्हाईक चार-चार क्रेट नेत होतं, सगळे जांभया देत होते. पाचव्या आठवड्याला मी आठचं कार्ड उलटलं.

झालं. दुकानदार मुलगी घाबरली, तिनं बारा मागितले. होलसेलरनं बाराची चिठ्ठी बघून वीस लिहिले, त्याच्या मागच्यानं तीस. माल लगेच येत नाही, मग पुढच्या आठवड्याला अजून जादा. जुन्या पुरवणीचे फाडलेले तुकडे ते, एकावर तर 40 लिहून खोडलेलं, वर 60, त्याला दोन रेघा मारलेल्या आणि मागच्या बाजूला नियम मोडून बारीक अक्षरात, 'माल दे की लेका.' फॅक्टरीवाला चिडला, त्यानं शंभर बनवले. चिंचोके संपले. कँटीनमधनं शेंगदाणे मागवले, ते डिस्ट्रिब्युटरनं खाल्ले, आणि हिशोबात तूट का म्हणून विचारलं तर म्हणतो, "मॅडम, माल डॅमेज झाला." तेवढ्यात मागवलेलं सगळं एकदम यायला लागलं आणि दुकानदार मुलीनं शांतपणे शून्य ऑर्डरची चिठ्ठी सरकवली. पुढचे कित्येक आठवडे शून्य, शून्य, शून्य. फॅक्टरीसमोर शेंगदाण्यांचा ढीग आणि मंगळवार पेठेचा चेहरा बघण्यासारखा.

शेवटी प्रत्येकाला सांगितलं, गिऱ्हाइकाची मागणी कशी होती असं वाटतं त्याचा आलेख काढा. फॅक्टरीचा आलेख कागद संपला म्हणून बाकावर चढला होता. मग मी खरी कार्डं दाखवली. चार, चार, चार, चार, आणि नंतर शेवटपर्यंत आठ. बस्स.

"मग चूक कुणाची?" पहिला प्रश्न हाच. मी सांगितलं कुणाचीच नाही, प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणानंच वागला, पण माल यायला उशीर आणि पुढचं दिसत नाही, त्यातनं हे होतं, प्रॉक्टर अँड गँबल कंपनीला लहान पोरांच्या डायपरमध्ये हेच दिसलं, पोरं ओलं करायची तेवढंच करत होती पण ऑर्डरी मात्र वरखाली. याला बुलव्हिप म्हणतात, म्हणजे चाबूक, मुठीशी जरासं हललं तरी टोकाला मोठा फटका. कुणाला पटलं नाही. कोल्हापुरात चूक कुणाचीच नाही हे चालत नाही, चूक पलीकडच्या पेठेची असते. शेवटी तो गुऱ्हाळवालाच म्हणाला, "आरं, 2019 च्या महापुरात हायवे बंद झाल्यावर पेट्रोलला झालंतं तसंच की. ज्याची टाकी अर्धी भरलीती त्यो पण लाइनीत." तेव्हा कुठं सगळ्यांच्या माना हलल्या, आणि मी पुस्तकातली तीन पानं त्या वाक्यावर सोडून दिली.

सोमवारी टेबलावर अर्ज. फॅक्टरी टीमचा, रीमॅच मिळावी म्हणून, खाली अकरा सह्या, टीममध्ये माणसं तीन होती. प्राचार्यांच्या कानावर पण गेलं होतं, ते खूश, म्हणाले समितीला हाच गेम दाखवू, फक्त पोरांनी हेडसेट घालून खेळायचं, घेतलेत ते दिसले पाहिजेत. म्हटलं सर, हेडसेट घातल्यावर चिठ्ठी दिसणार कशी?

"मग कपाळावर ठेवा की वर, गॉगलसारखे."