न्यूटनच्या आधी पाचशे वर्षं?

नमस्कार. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन तक्रारी केल्यात. गुरुत्वाकर्षण त्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी शोधलं हे मी लिहिलं नाही, लीलावतीची कहाणी दंतकथा म्हणून उडवली, आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला एकच ओळ दिली. 'आपल्याच माणसाला कमी का लेखता?' हा तुमचा प्रश्न.

आधी कहाणी. 'लीलावती' हा भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ, आणि हे नाव त्यांच्या मुलीचं असं म्हणतात. तिच्या लग्नाची वेळ मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला, ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या या ग्रंथाच्या फारसी भाषांतरातून पसरली. मूळ ग्रंथात ती नाही. तिथे 'बाले बालकुरङ्गलोलनयने लीलावति' असं संबोधन आहे. हरिणाच्या पाडसासारख्या चंचल डोळ्यांची! बाप मुलीला गणित घालताना असं म्हणेल? मला तरी शंका आहे.

गुरुत्वाकर्षणाचा श्लोक गोलाध्यायात, म्हणजे त्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाच्या एका भागात, आहेच. पृथ्वी जड वस्तू स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडताहेत असं भासतं. मग चहूकडे सारखंच आकाश असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार? काय सुंदर प्रश्न आहे! पृथ्वीला आधार कोणाचा, या वादाला दिलेलं हे उत्तर. पण ओढ अंतराप्रमाणे किती घटते, चंद्राला तीच कशी लागू पडते, हे गणित न्यूटनचं.

आणि न्यूटन हवाच कशाला? एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा. अशी संख्या शोधा. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०. चाचपडत बसलात तर जन्म जाईल. भास्कराचार्य चक्रवाल या, फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे नेणाऱ्या पद्धतीने मोजक्या पायऱ्यांत तिथे पोचतात, ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. फ्रेंच गणितज्ञ फर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला तो १६५७ मध्ये. (लेखात मी चक्रवालाचं सगळं श्रेय त्यांनाच दिलं होतं. ते चूक; त्यांच्याआधीच्या जयदेव या गणितज्ञाकडे ती पद्धत आहे. ही चूक तुम्ही नाही पकडलीत!)

पाटण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. या शिलालेखाचा शेवटचा भाग तर चक्क जुन्या मराठीत आहे: पाटण्याच्या बाजारात येणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं, त्याचा हिशोब.