हलू नका, मस्यू!

फ्रान्समध्ये दुपारी दोनला हॉटेलचं स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. त्याबद्दल तक्रार नाही. मी पुण्याचा आहे. राग आहे तो त्या बाईंचा.

कोलिऊर हे स्पेनच्या सीमेजवळचं मच्छीमारांचं गाव. १९०५च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरँ हे चित्रकार इथे येऊन भलत्याच रंगांत चित्रं काढून गेले आणि गावाचं कल्याण झालं. त्यांनी जिथून चित्रं काढली, तिथे आता त्या चित्रांच्या प्रती लावल्यात. अशाच एका प्रतीपाशी उभा राहून मी समोरचा चर्चचा मनोरा ताडून बघत होतो. हा मनोरा एके काळी दीपस्तंभ होता म्हणे. तेवढ्यात मागून हाक आली, "मस्यू! नो मूव्ह!"

पासष्टीच्या बाई, पुढ्यात ईझल, कानामागे ब्रश. त्यांना माझा लाल शर्ट हवा होता. मी पोटावर हात ठेवून घड्याळ दाखवलं. त्यांनी दोन बोटं दाखवली. मला वाटलं, दोन मिनिटं.

"थांब ना जरा," आमची ही म्हणाली, "एवढ्या मनापासून काढतायत."

नाक खाजवलं तर "नों, नों, नों!" मान वळवली तर जीभ टाळूला लावून च्यक्. एक कुत्रं येऊन माझ्या सँडलशी नको तितकी जवळीक करू लागलं, तर बाई त्याच्याशी लाडात बोलल्या. त्याला हलायची मुभा होती.

शेवटी चित्र बघायला मिळालं. हिचं नाक, ओढणी, टिकलीसुद्धा अगदी हुबेहूब. शेजारी जांभळा खांब.

"हा मी?"

"वुई!"

"पण शर्ट लाल होता ना!"

बाईंनी शांतपणे मातीसच्या प्रतीकडे बोट दाखवलं. जा, तक्रार त्याच्याकडे कर. त्यावर हिने चाळीस युरो मोजून ते चित्र विकत घेतलं.

अडीच वाजले होते. एका बारमध्ये पावावर थंडगार अँचोवी मिळाल्या. कोलिऊरची ख्याती त्यांचीच. पण अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीचीच भावकी, तीही न तळलेली, मिठात मुरवलेली. त्या पैशांत मालवणात चौघं जेवून वर सोलकढी प्यायलो असतो.

चित्र आता हॉलमध्ये लागलंय. काल शेजारचे काका बराच वेळ बघत होते. म्हणाले, "वहिनी मस्त आल्यात. तुम्हाला रजा नाही मिळाली का?"