फी भरली, पण पासाचं काय?

देणगीदारांनी फी भरल्यामुळे शहापूर-मुरबाडची मुलं ठाण्यात कॉलेजला येऊ शकली, हे एका लेखात वाचून बरं वाटलं. पण फी हा खर्चाचा एक तुकडा झाला.

मी मुरबाडकडचाच. आमच्याकडे रेल्वे नाही. पहाटेची एसटी धरून कल्याण, तिथून लोकल. एसटी चुकली की पहिलं प्रॅक्टिकल गेलंच! शिष्यवृत्ती होती, पण खात्यात आली तेव्हा परीक्षा उरकली होती. ठाण्यातल्या एका काकांनी (नात्यातले नव्हेत, वडील त्यांच्याकडे रंगकामाला जायचे) तीन वर्षं माझे दोन्ही पास काढून दिले. महिन्याच्या महिन्याला पाकीट, आत मोजून सुट्टे पैसेसुद्धा. त्यावर बीएस्सी झालो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. राहण्या-जेवणाची सोय नसेल तर खेड्यातलं पोर टिकत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आताचे देणारे मात्र फीच भरतात, कारण धनादेश देताना फोटो निघतो. मेसच्या बिलाचा फोटो कोण काढणार?

यंदा मीही दोन मुलांचे पास भरतोय. एकाची एसटी अजूनही तीच, पहाटेची.